शब्द पाठ, पण वाक्य अडतं: एका व्हिएतनामी विद्यार्थिनीच्या प्रगत इंग्रजी शब्दसंग्रहाचा प्रकरण अभ्यास

हनोईतल्या विद्यापीठात अर्थशास्त्राच्या तिसऱ्या वर्षाला असलेली विद्यार्थिनी. आयल्ट्स या इंग्रजीच्या आंतरराष्ट्रीय परीक्षेत नऊपैकी श्रवण ७, वाचन ७.५, बोलणं ६ आणि लेखन ५.५, एकूण ६.५. परदेशातल्या पदव्युत्तर प्रवेशासाठी तिला लेखनात किमान ६.५ हवेत. मोबाइलमध्ये तीन हजारांवर शब्दांची यादी आहे आणि प्रत्येक इंग्रजी शब्दापुढे एक व्हिएतनामी अर्थ आहे. यादी तिला पाठ आहे. तरीही दुसऱ्यांदा परीक्षा दिल्यावर लेखनाचे गुण जागचे हलले नाहीत.

हे प्रकरण कुणा एका व्यक्तीचं नाही. या पातळीवर अडकलेल्या व्हिएतनामी विद्यार्थ्यांत वारंवार दिसणाऱ्या गोष्टी एका विद्यार्थिनीच्या रूपात एकत्र मांडल्या आहेत. तिचे गुण नमुन्यादाखल आहेत. पद्धत मात्र जशीच्या तशी वापरता येते. व्हिएतनामी शब्द देवनागरीत लिहिताना त्यांचे सूर दाखवता येत नाहीत, म्हणून ते उत्तरेकडच्या बोलीतल्या ढोबळ उच्चाराने दिले आहेत.

दोन वाक्यांत सगळा आजार

तिच्या निबंधातली ही दोन वाक्यं पाहा: "इन रिसेंट इयर्स, अ प्लेथरा ऑफ फॅक्टरी हॅव सिरियस अफेक्ट टू द एन्व्हायर्नमेंट. ऑलदो द गव्हर्नमेंट ट्राय टू सॉल्व्ह, बट इट इज नॉट सक्सेस."

कठीण शब्दांची इथे वाण नाही. 'प्लेथरा' हा तर पदवीधरांनाही सहज न सुचणारा शब्द. पण त्यात गरजेपेक्षा जास्त असल्याची छटा आहे आणि ती या वाक्याला नको आहे. त्याच्याच पुढे 'फॅक्टरी' एकवचनात पडलंय. 'अफेक्ट' हे मुख्यतः क्रियापद, इथे नामाच्या जागी बसलंय आणि वर 'टू' घेऊन आलंय. 'ऑलदो'नंतर 'बट' आलंय. 'सॉल्व्ह'ला कर्म नाही. शेवटी 'सक्सेसफुल'च्या जागी 'सक्सेस'.

यातली जवळजवळ प्रत्येक चूक व्हिएतनामी वाक्यात चूक ठरत नाही. 'आन्ह हुअंग' हा एकच शब्द परिणाम, परिणाम होणं आणि प्रभाव या सगळ्यांसाठी चालतो आणि त्याच्यामागे 'देन' म्हणजे 'पर्यंत, कडे' हा शब्द येतो. 'अफेक्ट टू' तिथून आलं. 'तुइ … न्युंग' ही 'जरी … तरी'सारखी जोडी आहे, बहुधा दोन्ही टोकं लावतात. आधी उल्लेख झालेलं कर्म व्हिएतनामीत गाळलं तरी खटकत नाही. 'थान्ह कोंग' म्हणजे यश, यशस्वी आणि यशस्वी होणं, तिन्ही. व्हिएतनामी शब्दाचं रूप कधीच बदलत नाही. फार तर आधी 'सु' लावून त्याचं नाम करतात. मराठी माणूस यश, यशस्वी, यशस्वीपणे अशी रूपं लहानपणापासून बदलत आलेला असतो, त्यामुळे इंग्रजीतही शब्द रूप बदलणार हे तो गृहीत धरतो. व्हिएतनामी विद्यार्थ्याला ही सवय मुद्दाम लावावी लागते.

यादीत 'सक्सेस म्हणजे थान्ह कोंग' असं लिहिलं की यादी बरोबर असते आणि वाक्य चुकतं. साडेसहावर अडकलेल्या व्हिएतनामी विद्यार्थ्याला आणखी शब्द द्यायची घाई करू नये, असं आमचं स्पष्ट मत आहे. आहेत त्या शब्दांची कुटुंबं, म्हणजे एकाच शब्दाची नाम, क्रियापद, विशेषण अशी सगळी रूपं, पूर्ण करावीत. आयल्ट्सच्या लेखनात शब्दसंपदेला २५ टक्के गुण असतात आणि शब्दाचं रूप, त्याची जोडी म्हणजे त्याच्यासोबत नेहमी येणारा शब्द, अचूकता या गोष्टी तिथे तपासल्या जातात. दुर्मीळ शब्द चुकीच्या जागी बसवला तर परीक्षकाचं लक्ष आधी चुकीकडे जातं.

मोजमाप

सुरुवातीला दोन चाचण्या घेतल्या. पहिली वेब, सासाओ आणि बॅलन्स यांची २०१७ची शब्दपातळी चाचणी. सर्वांत जास्त वापरले जाणारे इंग्रजी शब्द हजार-हजारांच्या गटांत मांडले तर पहिल्या हजारापासून पाचव्या हजारापर्यंत अशा पाच पातळ्या तिच्यात आहेत, प्रत्येकीत ३० प्रश्न. पहिल्या तीन पातळ्यांत २९ आणि पुढच्या दोन्हींत २४ गुण मिळाले तर ती पातळी पक्की मानतात. विद्यार्थिनीचे गुण: ३०, २९, २७, २४, २१. म्हणजे 'प्लेथरा' येतं, पण तिसऱ्या हजारातले साधे कामाचे शब्द निसटतात. विषयवार कठीण शब्दांच्या याद्या घोकणाऱ्यांत ही भोकं हमखास सापडतात.

व्हिएतनामी विद्यार्थ्यांसाठी नेशन यांच्या शब्दसंख्या चाचणीची द्विभाषिक आवृत्ती २०११पासून उपलब्ध आहे. तिच्यात उत्तरांचे पर्याय व्हिएतनामीत असतात, त्यामुळे इंग्रजी व्याख्या वाचता न आल्यामुळे गुण जात नाहीत. एकूण साठा किती हे तिच्यातून कळतं. पण ही ओळखण्याची चाचणी आहे, शब्द वापरण्याची नाही.

म्हणून दुसरी चाचणी घरगुती ठेवली. २० शब्द घ्यायचे आणि प्रत्येकापुढे नाम, क्रियापद, विशेषण, क्रियाविशेषण अशा चार चौकटी भरायच्या. जिथे रूपच नसेल तिथे फुली. विद्यार्थिनीला निम्म्याहून कमी चौकटी जमल्या. क्रियाविशेषणांच्या बऱ्याच चौकटी रिकाम्या राहिल्या. ही चाचणी दहा मिनिटांत होते आणि उपचार कुठून सुरू करायचा ते नेमकं दाखवते.

घरातलं भांडवल: हान व्हिएत

व्हिएतनामी विद्यार्थ्यांना नेहमी सांगितलं जातं की लॅटिन आणि ग्रीक मुळांचे इंग्रजी शब्द स्पॅनिश किंवा फ्रेंच बोलणाऱ्यांना सोपे जातात, तुम्हाला घोकंपट्टीशिवाय गत्यंतर नाही. हे अर्धंच खरं आहे. व्हिएतनामीतला बराच मोठा औपचारिक शब्दसंग्रह चिनी मुळांचा आहे. त्याला 'हान व्हिएत' म्हणतात आणि त्याची घडण लॅटिन शब्दांसारखीच तुकड्यातुकड्यांची आहे. मराठीत ही जागा संस्कृत तत्सम शब्दांची: 'औद्योगिकीकरण'मधलं 'करण' जे काम करतं तेच 'कोंग ङिएप ह्वा'मधलं 'ह्वा' करतं.

अडचण अशी की शाळेत चिनी लिपी शिकवत नाहीत. चिनी अक्षरांवर आधारलेल्या राजपरीक्षा १९१९ साली संपल्या आणि पुढे लॅटिन लिपीतली 'क्वोक ङु' सर्वत्र रूढ झाली. विद्यार्थी हे तुकडे रोज बोलतात, पण तुकडे म्हणून ते त्यांच्या नजरेस येत नाहीत. दोन आठवडे फक्त यावर दिले तर पुढचे महिने हलके जातात.

'फी चिन्ह फू' म्हणजे बिनसरकारी. 'फी' म्हणजे 'नॉन', सरळ जुळतं. 'ताइ चे' म्हणजे पुनर्वापरासाठी पुन्हा तयार करणं. 'ताइ' म्हणजे 'री'. 'सिएउ थी' म्हणजे सुपरमार्केट, 'सिएउ' सुपर आणि 'थी' बाजार. 'बान झन' म्हणजे सेमिकंडक्टर, अर्ध आणि वाहक. विद्यार्थिनीला सगळ्यात जास्त उपयोग झाला 'दन दिएउ'चा. 'दन' म्हणजे एक, 'दिएउ' म्हणजे सूर, आणि इंग्रजीत मोनोटोनस. शब्द पाठ करावा लागला नाही, फक्त उलगडून दाखवावा लागला.

हान व्हिएतमधून इंग्रजीकडे नेणाऱ्या या पुलावरून जाताना तीन ठिकाणी पाय घसरतो. पहिलं, व्हिएतनामीत नकाराच्या 'बत'चं रूप बदलत नाही, इंग्रजीत नकाराच्या 'इन'ची रूपं पुढच्या अक्षरानुसार बदलतात. 'बत होप फाप' म्हणजे बेकायदा. विद्यार्थी 'अनलीगल' लिहून मोकळे होतात. ल पुढे आला तर इल्लीगल, र आला तर इर्रेग्युलर, म किंवा प आला तर इम्पॉसिबल, बाकी बहुतेक ठिकाणी इनअ‍ॅक्युरेटसारखं 'इन'. हे लॅटिन मुळांच्या शब्दांचं वळण आहे. मूळच्या इंग्रजी शब्दांना 'अन' लागतं, आणि 'अन' काही लॅटिन शब्दांनाही लागतं, म्हणून रूप कार्डावर लिहूनच पक्कं करावं. दुसरं, 'ह्वा' क्रियापद आणि नाम दोन्हींना पुरतो. 'दो थी ह्वा' म्हणजे शहरीकरण आणि शहरीकरण करणंही. इंग्रजीत अर्बनाइझ आणि अर्बनायझेशन वेगळे. शिवाय 'दन झान ह्वा'साठी सिम्प्लिफाय लागतं, तिथे 'आइझ' चालत नाही. तिसरं, सारख्या उच्चाराचे तुकडे: 'फी कोंग'मधल्या 'फी'चा नकाराशी संबंध नाही, तो उडण्याचा 'फी' आहे आणि शब्दाचा अर्थ वैमानिक. म्हणून प्रत्येक तुकडा किमान तीन शब्दांत पडताळल्याशिवाय वहीत घ्यायचा नाही.

चोवीस आठवड्यांची आखणी

शब्द निवडायला एव्हरिल कॉक्सहेड यांची २०००ची शैक्षणिक शब्दसूची घेतली. तिच्यात ५७० शब्दकुटुंबं आहेत, वारंवारितेनुसार दहा उपयाद्यांत विभागलेली. पहिल्या नऊंत प्रत्येकी ६०, शेवटच्या यादीत ३०. शैक्षणिक मजकुरातले साधारण दहा टक्के शब्द या यादीतले असतात. ज्या कुटुंबांची सगळी रूपं तिला आधीच लिहिता येत होती ती वगळली, तिसऱ्या हजारातली निसटलेली घातली आणि एकूण ४०० कुटुंबं ठरवली. रोज ४, आठवड्याचे ५ दिवस, अशी २० आठवड्यांची शिकवणी. उरलेले चार आठवडे उजळणीचे, दर पाच आठवड्यांनी एक.

रोजचा वेळ ६५ मिनिटं. सकाळी कार्डं २० मिनिटं, वाचन २५, वही १० आणि मोठ्याने बोलणं १०. शनिवारी निबंध ४० मिनिटं आणि दुरुस्ती तेवढीच. रविवारी फक्त कार्डं.

कार्डांसाठी अँकी वापरलं, म्हणजे वाढत्या अंतराने उजळणीची कार्डं दाखवणारं अ‍ॅप. प्रत्येक कुटुंबाची तीन कार्डं. 'सस्टेन'चं उदाहरण घेऊ. 'फात चिएन बेन वुंग' म्हणजे शाश्वत विकास हा शब्दप्रयोग विद्यार्थिनीने शाळेपासून ऐकला होता, म्हणून तिच्या यादीत सस्टेन म्हणजे 'बेन वुंग' असंच बसलं आणि निबंधात "वी मस्ट सस्टेनेबल द एन्व्हायर्नमेंट" उतरलं. पहिल्या कार्डावर वाचनातलंच वाक्य: "राइस फार्मिंग कॅनॉट बी एस… व्हेअर सॉल्ट वॉटर एंटर्स द कॅनाल्स एव्हरी ड्राय सीझन." रिकाम्या जागेचं फक्त पहिलं अक्षर दिलेलं, खाली व्हिएतनामी इशारा 'झुइ ची', म्हणजे टिकवून धरणं. उत्तर सस्टेन्ड, शेवटच्या 'ड'सह. 'ड' राहिला तर कार्ड चूक धरायचं. दुसरं कार्ड जोडीचं: ग्रोथ, इफर्ट, इंटरेस्ट यांच्याआधी कोणतं क्रियापद? तिसरं फक्त ध्वनीचं: वाक्य ऐकायचं आणि शब्द शेवटासकट लिहायचा.

रोज १२ नवी कार्डं म्हटली तर काही आठवड्यांत उजळणीची कार्डं रोज ८० ते १०० होतात. वीस मिनिटांत तेवढीच मावतात. चारऐवजी आठ कुटुंबं घेतली तर दुसऱ्या महिन्यातच गाडी रुळावरून घसरते.

वहीचं पान चार चौकटींचं. वर डावीकडे कुटुंब, उजवीकडे सोबतचे शब्द आणि शब्दयोगी अव्यय, खाली डावीकडे व्हिएतनामीत तोच अर्थ वाक्यात कसा येतो ते, उजवीकडे स्वतःचं वाक्य. तिसऱ्या चौकटीला फाटा देऊ नये. 'मुअ तो' म्हणजे शब्दशः मोठा पाऊस, इंग्रजीत हेवी. 'चा दक' म्हणजे दाट चहा, इंग्रजीत स्ट्राँग. पण 'म झोंग किएन थुक', ज्ञान रुंदावणं, इंग्रजीतही ब्रॉडन. जुळणाऱ्या जोडीवर हिरवी खूण, फसवणाऱ्या जोडीवर लाल. हिरव्या जोड्यांची कार्डं करायची नाहीत, तिथे मातृभाषा आपसूक मदत करते. सगळी मेहनत लाल जोड्यांवर.

वाचन एका विषयाला तीन आठवडे धरून. पहिला विषय मेकाँगच्या त्रिभुज प्रदेशात शिरणारं खारं पाणी. २०१६ आणि २०२०च्या कोरड्या हंगामांत तिथे हे संकट फार तीव्र होतं, त्यामुळे बातम्या भरपूर मिळतात. आधी एक बातमी व्हिएतनामीत वाचायची, मग त्याच घटनेवरच्या दोन 'व्हिएतनाम न्यूज' किंवा 'व्हीएनएक्स्प्रेस'च्या इंग्रजी आवृत्तीत. घटना माहीत असल्यामुळे सगळं लक्ष भाषेकडे जातं आणि सॅलिनिटी, इन्ट्रूजन, यील्ड, डिप्लीट, मिटिगेट हे शब्द प्रत्येक बातमीत पुन्हा भेटतात. मजकूर किती अवघड घ्यावा? विनामदत समजायला सुमारे ९८ टक्के शब्द ओळखीचे हवेत असं संशोधन सांगतं. चारशे शब्दांच्या बातमीत अनोळखी शब्द आठाच्या आसपास असतील तर ती घ्यावी. वीस असतील तर पुढच्या महिन्यासाठी ठेवावी.

शेवटचे ध्वनी

शब्दसंग्रहाच्या अभ्यासात उच्चार कशाला, असं अनेक शिक्षकांना वाटतं. व्हिएतनामी विद्यार्थ्याच्या बाबतीत मात्र तो वगळून चालतच नाही. व्हिएतनामी शब्दाच्या शेवटी मोजकीच व्यंजनं येतात, तीही ओठांत किंवा जिभेवरच थांबतात, आणि शेवटी जोडव्यंजन कधीच येत नाही. त्यामुळे नाइन, नाइस, नाइफ आणि नाइट हे चारही शब्द 'नाइ'सारखे ऐकू येऊ शकतात. इंग्रजी शब्दकुटुंबातले फरक नेमके शेवटी असतात: डिपेंडंट आणि डिपेंडन्स, इकॉनॉमिक आणि इकॉनॉमिक्स, सस्टेन आणि सस्टेन्ड. तोंडून शेवट गेला की कानातून जातो आणि कानातून गेला की लिहिण्यातूनही जातो.

'शेवट नीट म्हण' असं सांगून काही होत नाही. विद्यार्थी शेवटी एक जास्तीचा स्वर जोडतात, 'रिस्क'चं 'रिसिकी' होतं. त्याऐवजी पुढे स्वराने सुरू होणारा शब्द द्यावा: रिस्क ऑफ, रिलाइड ऑन, इन्व्हॉल्व्ह्ड इन. मग शेवटचं व्यंजन पुढच्या शब्दाच्या सुरुवातीला जातं आणि तिथे ते व्हिएतनामी जिभेला जमतं. जोडीचा शब्दही त्याच दमात पाठ होतो. आघातासाठी एक नियम पुरला: 'इक', 'शन' आणि 'इटी' या शेवटांच्या लगेच आधीच्या अवयवावर, म्हणजे सिलेबलवर, जोर. इकॉनमीत जोर 'कॉ'वर, इकनॉमिकमध्ये 'नॉ'वर. व्हिएतनामीत प्रत्येक अवयवाला स्वतःचा सूर असतो, त्यामुळे सगळे अवयव सारख्या वजनाने म्हणण्याकडे कल जातो. वहीत जोराच्या अवयवावर लाल ठिपका दिल्यावर हे सुधारायला लागलं.

रोजच्या दहा मिनिटांपैकी नऊ मिनिटं एकाच विषयावर तीनदा बोलायची: आधी चार मिनिटं, मग तेच तीन मिनिटांत, मग दोन मिनिटांत. शेवटची खेप रेकॉर्ड करायची आणि ऐकताना फक्त गाळलेले शेवट मोजायचे. व्याकरण, उच्चाराची ढब, बाकी सगळं त्या वेळी बाजूला.

कुठे बिनसलं

सातव्या आठवड्यात इन्क्रीज, राइज, सोअर, सर्ज, एस्कलेट हे सगळे एकाच दिवशी घेतले गेले. पाचही शब्दांची एकमेकांत सरमिसळ झाली. जवळच्या अर्थाचे शब्द एकत्र शिकले की ते एकमेकांना ढकलतात, हे प्रयोगांतही दिसलेलं आहे. त्यांच्यात निदान आठवड्याचं अंतर ठेवावं आणि पहिला पक्का झाल्यावरच दुसरा घ्यावा. बाजारातल्या विषयवार याद्या नेमक्या उलट रचलेल्या असतात.

तेत आला. नववर्षाच्या सुट्टीत घर पाहुण्यांनी भरलेलं, कार्डं कोण बघणार! परतल्यावर साचलेली कार्डं चारशेच्या वर होती. अशा वेळी एका दिवसात सगळी संपवायला बसलं तर चुकांचा ढीग होतो आणि त्या चुका पुढच्या उजळण्याही वाढवतात. दोन आठवडे नवीन शब्द पूर्ण बंद, रोज १०० उजळण्यांची मर्यादा, असं केल्यावर थकबाकी फिटली. आखणी करतानाच त्या पंधरवड्यात उजळणीचा आठवडा धरला असता तर निम्मा त्रास वाचला असता.

निबंधात नवे शब्द कोंबण्याचा मोह मात्र शेवटपर्यंत गेला नाही. उपाय म्हणून शनिवारच्या २५० शब्दांच्या निबंधाला अट घातली: मागच्या तीन आठवड्यांतले जास्तीत जास्त सहा शब्द, आणि प्रत्येकाच्या जोडीचा शब्द वहीत असलाच पाहिजे. दुरुस्ती करणाऱ्याने फक्त चार गोष्टी पाहायच्या: शब्दाचं रूप, शब्दयोगी अव्यय, जोडी आणि 'ऑलदो … बट'सारख्या दुहेरी जोडण्या. सगळ्याच चुका लाल केल्या तर विद्यार्थी सोप्या वाक्यांकडे पळतो.

चोविसाव्या आठवड्यात

'अफेक्ट टू' आणि 'ऑलदो … बट' सर्वांत आधी गेले, दुसऱ्या महिन्यातच. त्या ठरावीक जागी येणाऱ्या चुका आहेत, एकदा डोळ्यांत भरल्या की सुटतात. नाम-विशेषणांची गल्लत लेखनात बरीच कमी झाली, बोलण्यात घाई झाली की अजून डोकावते. चार चौकटींच्या चाचणीत क्रियाविशेषणांच्या चौकटी आता भरलेल्या दिसतात. 'प्लेथरा' निबंधातून गेला, त्याच्या जागी 'अ ग्रोइंग नंबर ऑफ' आला, आणि त्याच्यामागे 'फॅक्टरीज' अनेकवचनात.

राहिलं ते अनेकवचन आणि 'अ', 'द'. व्हिएतनामीत नाम तसंच राहतं आणि संख्या किंवा वर्गदर्शक शब्द आधी येतो, त्यामुळे हा दोष शब्दसंग्रहाच्या वेळापत्रकाने जात नाही. त्याचा स्वतंत्र सराव लावला आहे. ज्या कार्डांचं अंतर तीन महिन्यांच्या पुढे गेलं त्यांच्यातली जोडीची कार्डं तेवढी चालू ठेवली आहेत, ध्वनीची कार्डं बंद केली आहेत, आणि कॉक्सहेड यांच्या यादीतली उरलेली कुटुंबं आठवड्याला दहा या गतीने सुरू आहेत.